आक्कांचा उपवास

फेरतपासणीची आमची ओपीडी मंगळवारी भरते. कोल्हापुरात मंगळवार म्हणजे अंबाबाईचा वार, त्यामुळे बाहेरच्या बाकांवर बसलेल्या पाच-सहा जणींना तरी उपवास असतोच. आक्कांनाही असायचा. राधानगरी रस्त्यावरच्या आपल्या गावाहून निघून त्या दहाच्या सुमाराला यायच्या, दोन-अडीचपर्यंत बसायच्या आणि सिस्टरनी चहा पुढं केला की मान हलवायच्या. "उपवास हाय." तीन महिन्यांनी एकदा, अशा चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला मंगळवारी सणाची सुट्टी आली, म्हणून ओपीडी बुधवारी घेतली. त्या दिवशीही आक्कांना उपवास होता.

मी या विभागात वैद्यकीय समाजसेविका आहे. त्यांचं नाव-गाव इथं देत नाही. गल्लीतली माणसं त्यांना आक्का म्हणतात, तेच मी लिहिते. हे प्रकरण लिहून ठेवते आहे ते आजार काही वेगळा होता म्हणून नव्हे. आजार नेहमीचा, उपचार नेहमीचे, रिपोर्टही चांगले. चांगला रिपोर्ट हातात असताना पंधरा महिने आक्का उपाशीपोटी प्रवास करत होत्या. दर तीन महिन्यांनी आम्ही पाच-सहा माणसं त्यांच्याशी बोलत होतो, आणि आमच्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

आजार आणि उपचार

आक्का ४६ वर्षांच्या. शिक्षण सातवी. घरात मालक, सासूबाई, आयटीआयला जाणारा मुलगा. मुलगी कागलला दिलेली. एकरभर ऊस, दोन म्हशी. मालक साखर कारखान्यात हंगामी कामाला. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं काम आक्कांचं, आणि उसाचं बिल येईपर्यंत घर चालायचं ते त्या दुधावरच.

अंगावरून पांढरं जायला लागलं, संबंधानंतर रक्त दिसायला लागलं. पाळी जायच्या वेळेला असं होतंच, असं शेजारणींनी सांगितलं, आणि त्यात सात-आठ महिने गेले. तपासणीत गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. टप्पा दुसरा, त्यातला 'बी' गट. म्हणजे गाठ गर्भाशयमुखाबाहेर, बाजूच्या भागात शिरली होती, पण कटिभागाच्या भिंतीपर्यंत पोचली नव्हती. या टप्प्याला सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत, किरणोपचार आणि त्यांच्यासोबत केमो देतात. गावात मात्र जो भेटेल तो विचारायचा, "पिशवी काढली न्हाई? मग रोग गेला कसा?" या प्रश्नानं आक्कांना किती पोखरलं, ते मला पुढं कळलं. पिशवी आत आहे म्हणजे रोगही आतच असणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस बाहेरून शेक, असे एकूण २५. आमच्याकडचे रुग्ण किरणोपचाराला शेकच म्हणतात. आठवड्याला एक याप्रमाणे सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाच्या पाच बाटल्या. मग आतला शेक, म्हणजे गर्भाशयमुखापाशी नळ्या बसवून जवळून दिलेले किरण. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत पुरं करायचं असतं, लांबलं की गुण कमी येतो. शेकासोबत केमो देण्याची पद्धत १९९९ पासून जगभर रुळली आणि त्यानंतर वाचणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. आक्कांचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसला. तरी एक म्हैस विकावी लागलीच. त्या दोन महिन्यांत धार काढायला कोण होतं?

तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा गाठ नव्हती. त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर शेवटचा शेरा एकच: नॉर्मल.

२०२२ साली भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे सव्वा लाख नव्या रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. मृत्यूचा आकडा एवढा मोठा, म्हणून वाचवणं हेच पहिलं काम, यात वाद नाही. पण वाचतात त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशी-पन्नाशीतल्या असतात. पुढं वीस-तीस वर्षं त्यांना याच शरीरात राहायचं असतं, याच घरात, याच रस्त्यावरून ये-जा करत.

पाचाचे दोन

जीवनमान मोजायची प्रश्नावली आम्ही वर्षातून एकदा भरून घेतो. युरोपातल्या कर्करोग संशोधन संघटनेची ही तीस प्रश्नांची प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली. ती मराठीतही आहे. गर्भाशयमुखाच्या रुग्णांसाठी तिला चोवीस प्रश्नांची जोड आहे: पोट, लघवी, पायाची सूज, अंगातून निघणाऱ्या वाफा, आणि शेवटी लैंगिक संबंधांबद्दलचे काही प्रश्न. मूळ तीसमधला शेवटचा प्रश्न असा, की गेल्या आठवड्यात एकंदर जीवनाचा दर्जा कसा होता? एक म्हणजे अगदी वाईट, सात म्हणजे उत्तम.

वर्ष झालं तेव्हा आक्कांनी ती भरली होती. भरली म्हणजे काय, तर बाहेरच्या बाकावर मुलगा वाचत गेला आणि त्या सांगतील तिथं खूण करत गेला. शेवटच्या प्रश्नाला पाच. जोडप्रश्नांचं दुसरं पान कोरं. मी तो कागद फाईलला लावला तेव्हा पान कोरं का, हे विचारलं नाही. आज तो कागद पुढ्यात घेतला की मला त्या पोराचा चेहरा दिसतो. त्यानं ते पान पाहिलं असणार आणि उलटलं असणार. आईला हे प्रश्न पोटच्या मुलानं विचारायचे, अशी वेळ त्याच्यावर आम्ही आणली होती.

बुधवारच्या उपवासाचं मला खटकलं तेव्हा मी आक्कांना फायली ठेवतो त्या खोलीत नेलं. दाराला आतून कडी नव्हती, म्हणून खुर्ची टेकवली. आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. तोही त्यांनी बाजूला सारला.

"आक्का, आज बुधवार. उपवास कुणाचा?"

बराच वेळ त्या खिडकीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणाचा न्हाई. पोटात काय नसलं म्हंजे गाडीत भ्या वाटत न्हाई, मॅडम. सकाळपास्नं पाच येळा जाऊन आलोय."

त्यानंतर जे बाहेर पडलं ते मी तेव्हा लिहून घेतलं, त्याचा सारांश असा. दिवसातून सात-आठ वेळा शौचाला जावं लागतं. कळ आली की उठून दारापर्यंत जायलाही वेळ मिळत नाही. कधी आव, कधी रक्ताची रेघ. उपचार संपल्यावर सहाव्या महिन्यात डेअरीच्या रांगेत एकदा लुगडं भरलं. कॅन तिथंच ठेवून त्या घरी आल्या, तेव्हापासून दूध घालायला मुलगा जातो. मुलीच्या घरचं बारसं चुकलं. अंबाबाईला जाऊन दोन वर्षं होत आली. एस.टी.त बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण सव्वा तासाच्या प्रवासात मधे कुठं उतरणार? ओपीडीच्या आदल्या दिवशी दुपारपासूनच त्या जेवण बंद करायच्या.

"डॉक्टर पोटाचं विचारत होते की दर वेळी," मी म्हटलं.

"विचारत्यात. पोरगा बाजूला असतोय. आन सांगितलं तर परत शेक देतील म्हून भ्या."

तेव्हा तोच शेवटचा प्रश्न मी पुन्हा विचारला. एक ते सात. आक्कांनी दोन बोटं वर केली. दुसरं पान मी वाचायला घेतलं, पण शेवटचे प्रश्न विचारायची गरज पडली नाही. "मालक सोप्यात झोपत्यात," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

प्रश्नावली तीच, आणि मधल्या तीन महिन्यांत तब्येतीत काही मोठा फरक पडलेला नव्हता. बाकावर पाच सांगितलेलं उत्तर बंद दाराआड दोन झालं. आमच्या फायलींत असे किती पाच असतील, या विचारानं मला त्या रात्री झोप आली नाही.

पोटाचं

गाठ जळावी म्हणून दिलेला शेक तिच्या मागं-पुढं असलेल्या गुदाशयाला आणि मूत्राशयालाही थोडाफार लागतोच. उपचार चालू असताना होणारे जुलाब बहुतेकींचे काही आठवड्यांत थांबतात. त्रास देतात ते उशिरा येणारे परिणाम. आतड्याच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या महिन्यामागून महिने आक्रसत जातात, भिंत ताठर होते, गुदाशयात पूर्वीइतकं मावत नाही. म्हणून घोटभर साठलं तरी कळ येते. हे सहा महिन्यांनी सुरू होऊ शकतं, दोन वर्षांनीही होऊ शकतं. आपण बरे झालो असं वाटत असतानाच हे उगवतं, म्हणून बाईला वाटतं रोगच परत आला. आक्कांनाही तसंच वाटत होतं. वर पिशवी आतच आहे, हे होतंच.

त्याच आठवड्यात दुर्बिणीनं तपासणी झाली. गुदाशयाची खालची बाजू लाल, हात लागला तरी रक्त येईल अशी. गाठ नव्हती. तपासणारे सर्जन अनुभवी होते, त्यांनी पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीला काढला नाही. शेक लागलेल्या जागेची जखम लवकर भरत नाही आणि तिथून गुदाशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडण्याची भीती असते. हे मुद्दाम लिहिते आहे. अशा रुग्ण दुसरीकडं कुठं तपासायला गेल्या तर 'आपल्याला शेक दिलेला आहे' हे पहिल्या वाक्यात सांगायचं असतं.

सुक्रालफेटचा एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं औषध, सुरू झाला. हिमोग्लोबिन कमी होतं, लोहाची औषधं दिली. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी, आणि गाडीत बसायच्या दिवशी निघण्याआधी. गोळी साधी, स्वस्त, गावातल्या मेडिकलमध्येही मिळणारी. पण ती डॉक्टरांनी प्रमाण ठरवून द्यायची असते.

खरी कामाची गोष्ट निघाली आहारतज्ज्ञ ताईंच्या बोलण्यातून. दिवसात काय-काय खाता-पिता, म्हणून त्यांनी विचारलं. आक्का कमी खायच्या, पण अशक्तपणा आलाय म्हणून सासूबाई त्यांना रोज दोन वेळा पेलाभर म्हशीचं दूध पाजायच्या. शेकानंतर काही जणींच्या आतड्याला दुधातली साखर पचेनाशी होते. दोन आठवडे दूध बंद करून बघू, असं ताई म्हणाल्या. आक्का माझ्याकडं बघायला लागल्या. "दारात म्हस बांधून दूध प्यायचं न्हाई?" ताक चालेल, घट्ट लावलेलं दही चालेल, असं सांगितल्यावर पटलं. खर्डा, कच्चा कांदा, कडधान्यांची उसळ काही दिवस बाजूला. मऊ भात, मुगाची डाळ, केळं, भाकरी असेल तर पातळ आणि ताकात कुस्करलेली. त्या दोन आठवड्यांत सात-आठवरून चार-पाचवर आलं. एनिमाचा गुण किती आणि दूध सोडल्याचा किती, हे मी सांगू शकत नाही, दोन्ही एकदमच चालू होतं. पण महिनाभरानं त्यांनी एकदा दूध पिऊन पाहिलं आणि रात्र संडासात काढली. त्यावरून आम्ही काय ते समजलो.

आत्ती

गृहभेटीला मी गेले ते सासूबाईंची थोडी धास्ती घेऊनच. वय सत्तरीच्या पुढं, नऊवारी, कपाळाला बुक्का. सुनेचं ताट-वाटी वेगळं ठेवलेलं मला आल्या-आल्या दिसलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तिचं भांडं येगळं हाय ते बगू नगासा. तिला बिनतिखटाचं करतोय, ते मिसळू नये म्हून." आक्का त्यांना आत्ती म्हणतात.

संडास घराच्या मागं, परड्याच्या टोकाला, गोठ्याच्या पलीकडं. रात्री दिवा नाही. आत्ती मला तिथवर घेऊन गेल्या आणि मागच्या दाराची कडी हातानं वाजवून दाखवली. लोखंडी, जड. "रात्रीला चार-चार येळा वाजती ही. मला झोप कुठली? कळतंय न्हवं सगळं. पर ती सांगना, मग मी कसं इचारू?"

कडी मला आणि आक्कांना दोघींनाही नकोशी आठवण देते, पण त्या दिवशी त्या आवाजानं काम सोपं केलं. मालकांनी परड्यात दिवा ओढला. मागच्या पडवीत, दारापासून दहा पावलांवर, नवा संडास बांधायचं ठरलं. उसाचं बिल आल्यावर तो झालाही. मला विचाराल, तर एनिमा आणि गोळ्यांइतकंच त्या दहा पावलांनी आक्कांचं जगणं सोपं केलं. जीवनमानाच्या कुठल्याही प्रश्नावलीत संडास किती लांब आहे, हा प्रश्न नाही.

गोठ्यात आक्का अनवाणी वावरताना दिसल्या. डाव्या पायाला घोट्याच्या वर सूज होती. शेकानं जांघेतल्या आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींचं रस वाहून नेण्याचं काम मंदावलं की अशी सूज येते. डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी, करून शिरेत रक्ताची गाठ नसल्याची खात्री केली, मग फिजिओथेरपिस्टनी पट्टी बांधायला आणि व्यायाम शिकवला. अशा पायाला शेणा-मुतात बारीकशी चीर पडली तरी जंतुसंसर्ग पसरतो, म्हणून गोठ्यात बूट. पट्टी त्यांनी बांधली, बूट मात्र दोनच दिवस घातले. "म्हस बुजती," म्हणाल्या. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

नळी

पाचव्या खेपेपर्यंत आक्कांची आतली तपासणी नीट झालेलीच नव्हती. कागदावर 'एका बोटाची तपासणी, वेदना' असं दोनदा लिहिलेलं होतं, आणि त्याचा अर्थ मीही वाचला नव्हता. शेकानंतर योनीचा मार्ग कोरडा पडतो, आखडतो, भिंती एकमेकींना चिकटू लागतात. शेक संपल्यावर काही आठवड्यांतच, जागा भरून आली की, आठवड्यातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं प्लॅस्टिकची गुळगुळीत नळी घालायला शिकवलं तर हे बरंच टळतं. आक्कांच्या घरी जाण्याच्या कागदावर औषधांच्या सहा ओळी होत्या. याची एकही नव्हती. कुणाला तरी ते सांगायला लाज वाटली असेल, कुणाला तरी वाटलं असेल की दुसरं कुणी सांगेल. त्या 'कुणी'त मीही आहे.

पंधरा महिन्यांनी सुरुवात केली की फायदा कमी होतो. ते आम्ही लपवलं नाही. सिस्टरनी सर्वांत बारीक, अंगठ्याएवढी नळी हातात दिली, पाण्यात विरघळणारी जेली दिली, पाय कसे घ्यायचे, श्वास कसा सोडायचा, ते दाखवलं. डॉक्टरांनी आत लावायचं इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचं मलम दिलं. आक्कांचा कर्करोग स्क्वामस, म्हणजे अस्तरातल्या चपट्या पेशींचा. त्यात ते चालतं. काही दुसऱ्या कर्करोगांत विचार करावा लागतो, म्हणून एकीचं मलम दुसरीनं वापरायचं नाही.

आक्कांनी नळीकडं पाहिलं आणि मान फिरवली. "ह्या वयात ह्ये कशापायी? आता काय पोरं व्हायची हाईत?"

तेव्हा डॉक्टर मॅडमनी जे सांगितलं, ते मी आता प्रत्येकीला सांगते. हे नवऱ्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. वाट बंद झाली तर रोग परत आलाय का, हे आम्हाला आत बघताच येणार नाही. पहिल्या दोन वर्षांतच परत येण्याचा धोका जास्त. विधवा असो, एकटी असो, हे सगळ्यांनी करायचं. आक्कांनी जेली आणि नळी पिशवीत टाकली. घरी गव्हाच्या डब्यात, पिठाच्या पिशवीखाली लपवली, असं पुढं सांगितलं. दुपारी घरात कुणी नसलं की न्हाणीत आतून खुंटी लावून. पहिल्या आठवड्यात रडू आलं, रक्ताचा डागही दिसला. डाग दिसला तर घाबरू नका, धार लागली तर लगेच या, हे आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी सोडलं नाही. अडीच महिन्यांनी दुसऱ्या मापाची नळी बसायला लागली. त्यापुढची बसली नाही. पण त्या खेपेला डॉक्टरांना वर्षभरात पहिल्यांदा गर्भाशयमुखाची जागा डोळ्यांनी दिसली. स्वच्छ होती. "पिशवी हाय तितंच, पर रोग न्हाई," हे आक्कांनी तेव्हा स्वतः म्हटलं.

मालक

गळीत हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये मालक आले. आधी त्यांच्याशी एकट्याशी बोलले. टोपी हातात फिरवत ते बराच वेळ उसाचं बोलले, मग म्हणाले, "त्या शेकाचं काय ऱ्हातंय का अंगात?"

नाही. बाहेरचा शेक एक्स-रेसारखा, यंत्र बंद झालं की संपला. आतल्या शेकाला इरिडियमचा दाणा तारेच्या टोकाला बसवून नळीतून आत पाठवतात आणि ठरलेली मिनिटं झाली की तो परत यंत्राच्या पेटीत जातो. बाईच्या अंगात काही उरत नाही. ती नातवाला मांडीवर घेऊ शकते, नवऱ्याशेजारी झोपू शकते. जवळ येण्यानं रोग परत येत नाही. तिचा रोग त्यांना लागत नाही.

मग दुसरा प्रश्न, हळू आवाजात. हे विषाणूमुळं होतं असं कुणीतरी मोबाईलवर दाखवलं होतं. "म्हंजे माझ्यामुळं?" मी सांगितलं ते असं. एचपीव्ही हा विषाणू इतका सर्वत्र आहे की संबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो लागतोच. शंभरातल्या नव्वदांच्या अंगातून एक-दोन वर्षांत तो आपोआप जातो. एखादीत तो टिकून राहिला, तर त्यापासून कर्करोग व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. कधी, कुणाकडून, हे कुणीच सांगू शकत नाही, आणि शोधून उपयोगही नाही. तुमच्या मुलीला तिशीनंतर तपासणी करून घ्यायला सांगा, ते उपयोगाचं आहे.

आक्कांना आत बोलावलं. दोघं एकमेकांकडं न बघता बसले. मालक म्हणाले, "हिला तरास व्हईल म्हून मी सोप्यात झोपाय लागलो. रातपाळीचं निमित्त झालं." आक्का म्हणाल्या, "मला वाटलं किळस येती. वास येतोय म्हून." दीड वर्ष दोघांनी एकेक समजूत उराशी धरून एका घरात काढलं होतं. मी खूप काही बोलले नाही. लगेच काही व्हायला हवं असं नाही, आधी खाट आत घ्या, दुखलं तर थांबा, जेली वापरा, आणि दुखलं तर ते बोलून दाखवा. पुढं काय झालं, हे मी कधी खोदून विचारलं नाही.

सहा महिन्यांनी

सप्टेंबरच्या खेपेला पुन्हा प्रश्नावली घेतली. खोलीला आता आतून कडी आहे. आम्ही वर्गणी काढून बसवली, आणि वाचून दाखवायचं काम सिस्टर करतात, घरचं माणूस नाही. शेवटच्या प्रश्नाला आक्कांनी चार सांगितलं. दोनाचे चार. पाच सांगावंसं वाटत होतं, असंही म्हणाल्या, पण "खोटं कशाला सांगू?"

चारच का, तेही त्यांनी मोजून दाखवलं. अंगातून वाफा अजून येतात. शेकानं अंडाशयं बंद पडली आणि पाळी एका झटक्यात गेली, तिचा हा त्रास. डॉक्टरांनी संप्रेरकांच्या गोळ्यांचा पर्याय सांगितला होता, पण "गोळ्या लई झाल्या" म्हणून त्यांनी नको म्हटलं. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मात्र घेतात. पायाची सूज आहे. भांगलणीला गेलं की अर्ध्या तासात बसावं लागतं. विकलेली म्हैस परत आलेली नाही. नळी, जेली, पायाची पट्टी, येण्या-जाण्याचे दिवस, हा सगळा खर्च घरातून गेला. संबंधांबद्दलच्या पानावर मागं काहीच नव्हतं. या वेळी तिथं एका ओळीत 'थोडं', एका ओळीत 'थोडी भीती'. त्यांनी स्वतः बोट ठेवून सांगितलं.

आणि डेअरीला दूध त्या पुन्हा स्वतः घालायला लागल्या आहेत. सकाळचं. संध्याकाळचं मुलगा.

अकराच्या सुमाराला मी बाकाजवळून गेले तेव्हा त्या स्टीलचा डबा उघडून दहीभात खात होत्या. दिवस मंगळवारचा होता, शेजारी बसलेल्या बाईनं विचारलंच, देवीचा वार न्हवं का? "देवीला ठाऊक हाय सगळं," म्हणून त्यांनी घास घेतला. मग त्या बाईकडं नीट वळून बघितलं. तिचा शेक आदल्याच महिन्यात संपलेला. तिच्या हातातला चहाचा कप तसाच होता, वर साय धरलेली. आक्कांनी आवाज खाली घेऊन तिला काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण ती बाई थोड्या वेळानं उठून आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

पुढची तारीख डिसेंबरातली दिली. हंगाम सुरू असेल, मालकांना सुट्टी मिळायची नाही, मुलाची परीक्षा. कुणाला सोबत आणाल, असं मी विचारलं. आक्कांनी तारखेचा कागद चार घड्या करून बटव्यात ठेवला.

"मी एकटी येतो. साडेसातच्या गाडीनं."